मोळीचे छायाचित्र आणि आपला आक्षेप

सप्रेम नमस्कार.

आपल्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, याबद्दल आधी क्षमा मागतो. सुट्टीच्या दिवशी डोंगरात हिंडताना आणि छायाचित्रे काढताना माझ्यातली हरवलेली सर्जनशीलता परत सापडली, असे मी लेखात म्हटले होते. त्यावर आपण अमळनेरहून लिहिलेत की ही नोकरदारांची करमणूक आहे, तिला इतके मोठे नाव देऊ नये. कळ दाबली की उरलेले काम यंत्रच करते, असेही आपण म्हणता. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी घराचा उंबरठा न ओलांडता जे निर्माण केले ते मी पाहावे, असे आपण सुचवलेत. आणि तोरणमाळच्या वाटेवर मोळी घेऊन चाललेल्या बाईंचे छायाचित्र लेखाच्या माथ्यावर लावून मी त्यांच्या कष्टांची शोभा केली, असा आपला आक्षेप आहे. यातला शेवटचा आक्षेप सर्वांत जड आहे आणि उशीर त्याच्याचमुळे झाला, म्हणून त्याकडे शेवटी येतो.

यंत्राबद्दल आपण म्हणता ते निम्मे खरे आहे, कारण पहिले वर्षभर मी तेच करत होतो. धुळ्याहून लळिंगचा किल्ला जवळ, म्हणून दर रविवारी तिकडे जात असे. एका सकाळी मी तेथे तीनशेवर छायाचित्रे घेतली आणि घरी पाहायला बसलो, तेव्हा एकही आठवत नव्हते. सगळी सारख्याच राखाडी रंगाची होती. त्याचे कारण पुढे कळले. कॅमेऱ्यातले प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरी मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालते, आणि आपला कातळ तर काळ्या बेसॉल्टचा. यंत्रावर भरवसा ठेवला की तो काळा तट विटलेल्या कापडासारखा उतरतो. तो डोळ्यांना दिसतो तसा यायला हवा असेल, तर यंत्र सांगते त्याहून एक पायरी, कधी दीड पायरी प्रकाश कमी घ्यावा लागतो. पण मग त्याच चौकटीत सावलीत असलेले पाण्याचे टाके पूर्ण अंधारात जाते. तट राखायचा की टाके, की ऊन कलेपर्यंत तेथेच बसून राहायचे, हे यंत्र ठरवत नाही. ते तेथे थांबलेल्या माणसालाच ठरवावे लागते, आणि थांबायला मी त्या दिवसानंतर शिकलो.

लळिंगच्याच उतारावर अंजनाचे एक झाड आहे. एप्रिलमध्ये त्याला नवी पालवी फुटते ती तांबूस असते आणि सूर्य तिच्या मागे असला तर सारे झाड पेटल्यासारखे दिसते. त्या झाडासाठी मी लागोपाठ चार रविवार गेलो. पहिल्या दोन वेळी हाती काहीच लागले नाही. तिसऱ्या वेळी कॅमेरा पिशवीतच ठेवला आणि मुलीच्या शाळेच्या वहीत ते झाड काढायला बसलो. महाविद्यालयात असेपर्यंत मी रोज चित्रे काढत असे. नोकरी लागल्यावर सतरा वर्षे चित्रासाठी पेन्सिल हातात धरली नव्हती. हात अडखळत होता, पण चित्र काढायचे म्हणून जे नीट पाहावे लागले ते यापूर्वी कधी पाहिलेच नव्हते: आपट्यासारखे पण त्याहून लहान, दोन पाळ्यांचे पान, खाली लवलेल्या बारीक डहाळ्या, आणि दोन डहाळ्यांमधली आकाशाची मोकळी जागा. चौथ्या रविवारी मी मोजकी अकरा छायाचित्रे घेतली. ती थोर आहेत असे मी म्हणत नाही. पण त्या दिवसापासून वही पुन्हा सुरू झाली ती आजतागायत बंद पडलेली नाही, आणि लेखात मी सर्जनशीलता हा शब्द वापरला तो एवढ्याच अर्थाने.

हात आणि यंत्र यांचे हे नाते आपल्या मुलखाला नवे नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी १८४४ मध्ये नेमलेला ब्रिटिश चित्रकार रॉबर्ट गिल वर्षानुवर्षे तेथे रंगवत राहिला. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत त्याची बहुतेक चित्रे जळाली. तोवर तो कॅमेराही हाताळू लागला होता आणि त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये पुस्तकरूपाने निघाली होती. १८७९ मध्ये तो वारला, आणि त्याचे थडगे भुसावळला आहे. इतकी वर्षे एकेका भिंतीसमोर बसलेल्या माणसाने कॅमेरा हाती घेतला तेव्हा त्याची पाहण्याची सवय मागे राहिली असेल, असे मला वाटत नाही.

केकी मूस यांचे नाव आपण काढलेत, याचा मला आनंद झाला. त्यांचे चाळीसगावचे घर आज संग्रहालय म्हणून जपलेले आहे आणि मी ते तीनदा पाहिले आहे. जवळजवळ पन्नास वर्षे क्वचितच घराबाहेर पडलेल्या या माणसाने टेबलावर साध्या वस्तू मांडून, त्यांच्यावर प्रकाश हवा तसा वळवून जी दृश्ये उभी केली, ती पाहिल्यावर कलेला प्रवास लागतोच असे कोणी म्हणू शकणार नाही. मीही तसे म्हटलेले नाही. मात्र त्यांच्यापाशी एका खोलीत राहून अखंड लक्ष देण्याची जी ताकद होती, ती माझ्यापाशी नाही. माझ्या घरात फोन वाजतो आणि कार्यालयाचे हिशेब रात्री जेवणाच्या ताटापर्यंत येतात. चढणीवर दम लागला की मन आपोआप एका ठिकाणी येते, आणि ते मला घरी साधत नाही. त्यांना प्रकाश वळवता येत होता, मला त्याची वाट पाहावी लागते. दोन्ही रीती छायाचित्रणाच्याच आहेत, आणि त्यांच्या मोठेपणामुळे दुसरी खोटी ठरत नाही.

नोकरदारांची करमणूक, या आपल्या शब्दांवर मी बराच विचार केला. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या जंगलातून वर चढून गेले की पितळखोऱ्याची लेणी लागतात. तेथे सापडलेली यक्षाची एक मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि ती कान्हदास नावाच्या सोनाराने घडवली, असे तिच्या हातावर कोरलेले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक सोनार दगडाला हात घालतो आणि आपला व्यवसाय न लपवता नावासह लिहून ठेवतो, हे मला फार मोलाचे वाटते. माझी त्याच्याशी तुलना नाही. एवढेच म्हणायचे आहे की माणूस पोटासाठी काय करतो, यावरून त्याच्या दुसऱ्या कामाचा खरेपणा ठरवता येत नाही. डोंगर चढणे ही शहरी लोकांनी आणलेली हौस आहे, असाही सूर आपल्या लिहिण्यात आहे. पण धनत्रयोदशीच्या सुमारास सातपुड्यातल्या अस्तंबा शिखरावर अश्वत्थाम्याच्या दर्शनाला रात्रभर चढून जाणारी माणसे आपल्याच खान्देशातली आहेत.

आता त्या छायाचित्राविषयी. येथे आपले म्हणणे मला पूर्णपणे मान्य आहे. मी त्या बाईंना विचारले नव्हते. वळणावर प्रकाश चांगला होता, मोळीची तिरपी रेषा डोंगराच्या रेषेला समांतर येत होती, आणि मी दुरून कळ दाबली. घरी आल्यावर उजवीकडचा भाग चौकटीत गर्दी करतो म्हणून कापून टाकला. आपली प्रतिक्रिया वाचल्यावर ते छायाचित्र लेखातून काढले, पण तेवढ्याने भागत नव्हते. मूळ चौकटीची मोठी प्रत छापून घेतली, दोन रविवार मिळेल त्याला दाखवत त्या वाटेवरच्या पाड्यांवर विचारत फिरलो आणि तिसऱ्या रविवारी त्यांचे घर सापडले. त्या बाई पावरी भाषेत बोलत होत्या. पाड्यावरचा बारावीत शिकणारा एक मुलगा मराठीत सांगत होता.

आधी मी त्यांना फोनवर लेखात लावलेले चित्र दाखवले. त्यांनी बराच वेळ पाहून विचारले, ‘माझी मुलगी कुठे गेली?’ मी कापलेल्या भागात त्यांची सहा-सात वर्षांची मुलगी होती, डोक्यावर तिच्या मानाने लहानशी मोळी घेऊन आईच्या मागे चाललेली. छापलेली प्रत दिली तेव्हा त्यांनी तिच्यावर बोट ठेवले आणि प्रत मुलीच्या हातात दिली. मी क्षमा मागितली. मोळीविषयी आपण लिहिले होते ते मी त्या मुलाकरवी सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या की मोळीची लाज वाटत नाही, ती रोजचीच आहे. पण चित्र काढायचेच तर सांगून काढावे, म्हणजे चांगले लुगडे नेसता येते.

मग त्या आत गेल्या, लुगडे बदलून आल्या, गळ्यात चांदीचा दागिना घातला, मुलीचे केस विंचरले. कुठे उभे राहायचे तेही त्यांनीच ठरवले: मोहाच्या झाडाखाली नव्हे, जिथे प्रकाश मला हवा तसा होता, तर घराच्या दारात, जिथे तो सपाट होता. मी तीन छायाचित्रे घेतली आणि तिन्ही तेथेच दाखवली. त्यांनी दुसरे निवडले. त्याची प्रत पुढच्या रविवारी नेऊन द्यायची आहे, आणि ते लेखात लावायचे की नाही हे मी त्यांना त्या वेळी विचारणार आहे.

आपला,
धुळ्याचा लेखक