गू म्हणायला आपण इतके का लाजतो?

गेल्या पावसाळ्यात बाबांना एकाएकी अशक्तपणा आला. उठलं की चक्कर, चेहरा पांढराफटक. गुडघेदुखीच्या गोळ्या बरेच दिवस चालू होत्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पोट साफ होतं ना?" आई म्हणाली, "हो, होतं." विषय तिथेच संपला.

दोन दिवसांनी कमोडच्या खुर्चीखालचं भांडं मी उचललं. आत डांबरासारखा काळा, चिकट गू. वास तर नेहमीचा नव्हताच. आई म्हणाली, "अगं, परवापासून असंच होतंय." भांडं रोज तीच धुवत होती. मग सांगितलं का नाहीस? "चार माणसांत कसं बोलायचं गं ते?"

बाबांच्या जठरात अल्सर होता आणि त्यातून रक्त जात होतं. वरच्या भागातलं रक्त आतड्यांतून पचत खाली येतं, म्हणून ते लाल न दिसता काळं दिसतं. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण बाबा त्या घेत नव्हते. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. बाबा वाचले. पण ते दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीत. आईला सगळं दिसत होतं, फक्त शब्द तोंडातून निघत नव्हता.

आपल्या भाषेत शब्दांची काय कमी आहे? गाईम्हशीचं शेण, घोड्याची लीद, शेळीच्या लेंड्या, पाखरांची शीट. शेणाने तर आपण अंगण सारवतो. माणसाचा विषय आला की मात्र कुजबुज. परसाकडे, बहिर्दिशेला, दोन नंबर, मोशन. 'शौच' हा शब्द तर शुचि म्हणजे शुद्ध यावरून आला. मूळ अर्थ स्वच्छता! घाण झाकायला तो पुढे केला आणि आता तो उच्चारतानाही लोक आवाज खाली आणतात. संडास ही खरं तर जागा, पण आता 'पातळ संडास झाली' असं सर्रास म्हणतो. नवा शब्द आणायचा, तो विटाळला की आणखी नवा शोधायचा. गू तिथेच राहतो.

या आडपडद्याची खरी किंमत घराबाहेर दुसरेच लोक मोजतात. सरकारी भाषेत शब्द आहे 'मैला'. हाताने मैला उचलायला लावण्यावर 1993 मध्ये बंदीचा कायदा झाला, 2013 मध्ये दुसरा, अधिक कडक कायदा आला. तरीही माणसं गटारात उतरवली जातात, गुदमरून मरतात. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख करावी लागली. बातमीत 'सफाई करताना मृत्यू' असं येतं. माणूस आपल्या सगळ्यांच्या गुवात बुडून मेला, असं कुणी लिहीत नाही. तसं लिहिलं तर घास उतरणार नाही, आणि नाहीच उतरला पाहिजे.

ज्यांना या गोष्टीची किळस नव्हती, अशी माणसंही आपल्याकडे होऊन गेली. कोकणचे गांधी म्हणवले गेलेले अप्पासाहेब पटवर्धन जन्माने ब्राह्मण, पण स्वतः भंगीकाम करत. मैल्याच्या खताला तर मराठीत शब्दच आहे, सोनखत. किती सुंदर शब्द, आणि किती जणांना आज ठाऊक आहे?

आणि 'गू-मूत काढणं'? एखाद्याची सेवा किती केली हे सांगायला आपल्याकडे याहून मोठा शब्दप्रयोग नाही. "तिने सासूचं गू-मूत काढलं" म्हटलं की पुढे काही सांगावं लागत नाही. या वाक्यात 'शौच' घालून बघा, त्यातला जीवच जातो. आईने बाबांचं तेच केलं, महिनाभर, एकदाही नाक न मुरडता.

मागच्या महिन्यात बाबांना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "पोट साफ होतं ना?" आईने पदर सावरला. "होतं. काळं नाही आता, पिवळंच असतं. मी रोज बघते."