टॉम-जेरीचा 'शेवटचा एपिसोड' आणि त्या फॉरवर्डमधल्या थापा

तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय. ज्यांच्याकडे अजून पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रेल्वेच्या रुळांवर मान खाली घालून बसलेले टॉम आणि जेरी असा फोटो, त्यावर रडणाऱ्या इमोजींची रांग, आणि खाली मजकूर असा की वॉल्ट डिझ्नीच्या या लहान मुलांच्या मालिकेचा हा शेवटचा एपिसोड, यात प्रेमभंग झालेला टॉम जीव द्यायला निघतो आणि आयुष्यभराचा दुश्मन जेरी मित्राला एकटं कसं सोडायचं म्हणून त्याच्या शेजारी रुळावर येऊन बसतो, मग मुलांवर वाईट परिणाम होईल म्हणून अमेरिकन सरकारने यावर बंदी घातली, तो कधीच कुठे दाखवला गेला नाही आणि मालिका तिथेच कायमची बंद पडली. सगळ्यात शेवटी अर्थातच 'खरी मैत्री अशी असते, दहा जणांना पाठवा'.

फोटो खरा आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर कमेंटमध्ये कोणीतरी 'एआय आहे' म्हणून मोकळं होईल. 'ब्लू कॅट ब्लूज' नावाचं टॉम-जेरीचं एक कार्टून आहे, त्यातलं ते शेवटचं दृश्य. बाकी मजकुरात मात्र एक वाक्य धड नाही.

'शेवटचा एपिसोड' इथून सुरुवात करू. 'ब्लू कॅट ब्लूज' आलं नोव्हेंबर १९५६ मध्ये. आणि पुढच्याच महिन्यात आलं 'बार्बेक्यू ब्रॉल', ज्यात स्पाइक कुत्रा आपल्या पोराला बार्बेक्यू कसं करायचं ते ऐटीत शिकवतोय आणि टॉम-जेरी पळापळीत त्याचा सगळा बेत उधळून लावतायत. म्हणजे रुळावर बसलेली मंडळी महिन्याभरात ठणठणीत. त्यानंतर आणखी दहा आली. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने एमजीएम स्टुडिओसाठी १९४० ते १९५८ या काळात टॉम-जेरीची ११४ कार्टून केली, त्यातलं 'ब्लू कॅट ब्लूज' १०३ वं. त्यांचं खरोखरचं शेवटचं म्हणजे ऑगस्ट १९५८ मधलं 'टॉट वॉचर्स'. त्यात बाळाला सांभाळायला ठेवलेली मुलगी फोनवर गप्पा मारत बसते, बाळ रांगत रांगत थेट इमारतीच्या बांधकामावर जाऊन पोचतं आणि हे दोघे भांडण बाजूला ठेवून त्याला वाचवत फिरतात. आता हा शेवट त्या रडक्या इमोजींना चालणार नाही, म्हणून तो कोणी फॉरवर्ड करत नाही. बरं, तिथेही संपलं नाहीच. १९६१-६२ मध्ये जीन डाइचने चेकोस्लोव्हाकियात प्राग शहरात बसून १३ कार्टून केली, मग १९६३ ते ६७ चक जोन्सने ३४ केली, आणि पुढे टीव्हीसाठी किती आली ते तर विचारूच नका.

पण तारखांपेक्षा मोठी गोची अशी की या प्रकाराला शेवट नावाची गोष्टच नसायची. आपण ही कार्टून बघितली केबलवर, एकामागोमाग एक, रोजच्या ठरलेल्या वेळेला, त्यामुळे ती सिरियल वाटतात. ती बनली थिएटरसाठी. तेव्हा अमेरिकेत तिकीट काढून आत गेलं की आधी न्यूजरील, एखादा छोटा पिक्चर, सहा-सात मिनिटांचं कार्टून आणि मग मेन पिक्चर, असा एकूण प्रोग्राम असायचा. आज आलेल्या प्रेक्षकाने मागचं कार्टून बघितलंय की नाही याचा भरवसा नाही, त्यामुळे प्रत्येक कार्टून आपापलं, स्वतंत्र, कोरी पाटी. टॉम कधी बंगल्यात, कधी जहाजावर, कधी राजाच्या महालात, आणि मागच्या वेळी त्याचं काय झालं होतं याचा कुठे उल्लेखसुद्धा नाही.

आणि टॉम मरतो म्हणाल तर तो आधीही मेलाय की! १९४४ चं 'माउस ट्रबल' घ्या, ऑस्कर मिळालेलं आहे. उंदीर कसे पकडावेत याचं पुस्तक आणून टॉम एकेक युक्ती करत जातो, शेवटी स्फोटकांनी अख्खं घर उडतं आणि साहेब ढगावर बसून हार्प वाजवत वर चाललेत. १९५२ चं 'द टू माउस्केटियर्स' तर त्याहून पुढचं, तेही ऑस्करवालं. मेजवानीचं टेबल राखायचं काम टॉमकडे, एक घास जरी कमी झाला तर मुंडकं उडवीन अशी तंबी मिळालेली, आणि शेवटी जेरी आणि तो पिटुकला उंदीर निबल्स खाणं घेऊन रस्त्याने चाललेत आणि मागे लांब गिलोटिनचं पातं खाली येतं. टॉमचा शिरच्छेद, विनोद म्हणून! दोनच वर्षांनी त्याच सेटिंगमध्ये 'टूशे, पुसी कॅट' आलं तेव्हा मुंडकं जागेवर. याचा कोणी 'शेवटचा एपिसोड' म्हणून फॉरवर्ड का करत नाही मला कळत नाही, त्यात तर आत्महत्याही नाही, सरळ देहदंड आहे.

डिझ्नीचं एका वाक्यात संपतं खरं तर: टॉम-जेरी एमजीएमचे, डिझ्नीचा संबंध शून्य. उलट हे दोघे डिझ्नीच्या डोळ्यात सलणारे. 'सिली सिम्फनी' या आपल्या कार्टून मालिकेच्या जोरावर तीसच्या दशकात कार्टूनचं ऑस्कर म्हणजे डिझ्नीच्या घरचं कार्य झालं होतं, आणि चाळीसच्या दशकापासून टॉम-जेरी येऊन एकूण सात बाहुल्या घेऊन गेले. गंमत म्हणजे त्या स्टेजवर जाऊन घेतल्या प्रोड्युसर फ्रेड क्विम्बीने, हॅना-बार्बेरांना खुर्चीवरून टाळ्या. तेव्हा श्रेयाची गडबड करायचीच असेल तर निदान क्विम्बीचं नाव घाला, त्याला परंपरा तरी आहे. आणि १९५६ सालात डिझ्नी हवाच असेल तर तो आपल्या मुंबईत सापडतो: डिझ्नीकडे काम केलेला क्लेअर वीक्स त्या वर्षी फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून युनिटमध्ये आपल्या लोकांना अॅनिमेशन शिकवायला आला होता.

आता 'लहान मुलांची मालिका'. या मुद्द्यावर भले भले लोक चुकतात, आणि याच मुद्द्यामुळे रुळाचं दृश्य लोकांना इतकं धक्कादायक वाटतं. थिएटरात समोर कोण बसलेलं असायचं? घरचे सगळे, ऑफिसातून सुटलेले बाबे, हातात हात घेऊन बसलेली जोडपी, युद्धाच्या काळात रजेवर आलेले सैनिक. कार्टून त्या सगळ्यांना हसवायला केलेलं. १९४३ च्या 'यांकी डूडल माउस'मध्ये जेरी तळघरात अंड्यांचे हातबॉम्ब करून लढतो आणि शेवटी वरिष्ठांना संदेश पाठवतो की मांजर दिसलं, मांजर बुडवलं. ही आदल्या वर्षी अमेरिकेत गाजलेल्या एका खऱ्या नौदल संदेशाची टर, पाणबुडी दिसली, पाणबुडी बुडवली. पाच वर्षांच्या पोराला यातलं काय कळणार? त्याच वर्षी त्याच स्टुडिओत टेक्स एव्हरीने 'रेड हॉट रायडिंग हूड' केलं, ज्यात लाल टोपीवाली नाइट क्लबात गाते आणि लांडगा टेबलावर आपटून आपटून शिट्ट्या मारतो, जीभ बाहेर, डोळे बाहेर. ही बालकथा वाटत असेल तर पोरांना शेजारी बसवून बघा. तिकडे वॉर्नर स्टुडिओवाले तर फक्त सैनिकांना दाखवायला 'प्रायव्हेट स्नाफू' काढत होते, थिएटरात ते लागतच नव्हतं. आणि आत्महत्येचा जोक म्हणाल तर तो 'ब्लू कॅट ब्लूज'ने शोधून काढला असंही नाही. वॉर्नरच्या १९४२ च्या हॉर्टन हत्तीच्या कार्टूनमध्ये हत्ती अंडं उबवत जहाजातून चाललाय हे बघून एक मासा 'आता सगळं बघून झालं' अशा अर्थाचं बोलतो आणि डोक्यात गोळी घालून घेतो. तेव्हा लोक हसले. टीव्हीवाल्यांनी नंतर तो तुकडा कापला. आज तो जोक आवडावा असं माझं अजिबात म्हणणं नाही, मलाही तो खटकतो, पण 'मुलांच्या कार्टूनमध्ये अचानक हे कुठून आलं' हा प्रश्नच चुकीचा आहे, मुलांचं ते नंतर झालं, टीव्हीने केलं.

बंदी. सरकारने कुठलीही बंदी घातली नव्हती. १९५६ साली ते रीतसर थिएटरात लागलं, तेही रुंद पडद्याच्या सिनेमास्कोपमध्ये, आणि पुढे डीव्हीडीवरही आलं. एखाद्या चॅनेलने ते कमी लावलं असेल तर तो त्या चॅनेलचा निर्णय. त्या काळात जी कात्री होती ती हॉलिवूडने स्वतःच स्वतःला लावून घेतलेल्या प्रोडक्शन कोडची, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं नाही याच्या नियमांची, आणि तिने १९३४ नंतर बेटी बूप या कार्टूनमधल्या नखरेल बाईचा झगा लांब करून तिची पार गृहिणी करून टाकली. खरोखर कपाटात गेलेली कार्टून बघायची तर ती वेगळी आहेत आणि कारणही वेगळं आहे. वॉर्नरची अकरा कार्टून १९६८ मध्ये प्रसारणातून काढली गेली, कारण त्यात काळ्या लोकांची अत्यंत ओंगळ थट्टा होती. टॉम-जेरीतली ती काळी मोलकरीण, जिचे फक्त पाय आणि चपला दिसायच्या, ती १९६५ मध्ये सीबीएस या टीव्ही चॅनेलवर दाखवताना काही कार्टूनमध्ये चक्क नव्याने रंगवून गोरी मुलगी केली गेली. 'माउस क्लीनिंग' आणि 'कॅसानोव्हा कॅट' ही दोन अमेरिकेतल्या डीव्हीडी संचातून वगळली गेली, त्याचंही कारण हेच. फॉरवर्डवाल्यांना दडवलेलं काही उकरून काढायचं असेल तर हे आहे, पण त्यावर रडणारी इमोजी लावणं जरा अवघड जातं.

'त्यानंतर बंद पडलं' यात कारण म्हणून कधी मुलांच्या तक्रारी असतात, कधी निर्माते दुःखात बुडाले असं असतं. निर्माते दुःखात बुडाले असतील तर पगार गेल्याच्या. १९५७ मध्ये एमजीएमने कार्टून विभागच बंद केला. हिशेब साधा होता: जुनी कार्टून परत थिएटरात लावली तरी जवळजवळ नव्याइतकीच कमाई होते, मग नवी कशाला करायची? आधीच १९४८ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने स्टुडिओंचा थिएटरांवरचा ताबा सुटत चालला होता, कार्टून सकट सगळं पॅकेज थिएटरवाल्याच्या गळ्यात मारायचे दिवस गेले होते, घरोघरी टीव्ही आला होता, आणि एकेका कार्टूनला हजारो चित्रं, सेलवर (म्हणजे पारदर्शक शीटवर) शाई-रंग, पूर्ण ऑर्केस्ट्रा. स्कॉट ब्रॅडली टॉमच्या प्रत्येक पावलाला संगीत लिहायचा हो, फुकट थोडंच होणार ते. बार्बेरा नंतर सांगायचे की ही बातमी त्यांना एका फोनवर कळली. त्यांनी आणि हॅनांनी त्याच वर्षी स्वतःची कंपनी काढली, टीव्हीसाठी अगदी कमी चित्रांत भागवायची पद्धत बसवली आणि १९६० मध्ये 'फ्लिंटस्टोन्स' आणलं. हिंसेबद्दलचा आरडाओरडा हा पुढच्या टीव्हीच्या जमान्यातला. त्याचा परिणाम बघायचा तर १९७५ च्या मालिकेत बघा, जेरीच्या गळ्यात लाल बो आणि दोघे जिवलग दोस्त. बघवत नाही.

राहता राहिली 'खरी मैत्री'. इथे कार्टून प्रत्यक्ष बघितलंय की नाही ते लगेच कळतं. सबंध गोष्ट जेरी सांगतोय, पॉल फ्रीजच्या भारदस्त आवाजात, रडक्या प्रेमपटांच्या थाटात. टॉम एका पांढऱ्या मांजरीच्या प्रेमात, पण तिच्यामागे श्रीमंत बुच बोका लागलाय. टॉम एक फूल देतो तर बुचकडून फुलांचा ढीग. टॉम अत्तराची कुपी आणतो तर बुचकडून टँकर येतो, अत्तराचा. टॉम पदरचे सगळे पैसे घालून अंगठी आणतो, तिचा हिरा बघायला भिंग लागतं, बुचचा हिरा बघायला वेल्डरचा मुखवटा. गाडीसाठी तर टॉम स्वतःलाच गहाण टाकतो, पण तिथेही तेच. प्रत्येक वेळी टॉम आणखी कर्जात आणि जोक आणखी मोठा, मग टॉम दुधाच्या बाटल्या रिचवत बसतो, दारूऐवजी. हे सगळं जेरी 'बिचारा' असं म्हणत वरून बघतोय, आणि स्वतःच्या मनाशी सुखावतोय की आपली प्रेयसी टूट्स तशी नाही. तेवढ्यात टूट्स दुसऱ्याच उंदराबरोबर 'नुकतंच लग्न झालं'ची पाटी लावलेल्या गाडीतून समोरून जाते. मग जेरी रुळावर जाऊन बसतो. टॉमसाठी नाही, स्वतःच्या प्रेमभंगासाठी! सगळ्यांना शहाणपण सांगणाऱ्या निवेदकाचीच शेवटी फजिती, हा त्यातला पंच आहे.

'पण मेसेज तर चांगला आहे ना' असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांना एवढंच विचारतो, मित्राबरोबर रुळावर जाऊन बसणं म्हणजे खरी मैत्री, हा मेसेज तुम्ही शाळेच्या पालक ग्रुपवर टाकताय हे लक्षात आलंय का? मूळ कार्टूनने असल्या रडारडीची टिंगल केली होती, फॉरवर्डने तीच रडारड खरी करून टाकली. पाठवणाऱ्या काकांना सुनवायची गरज नाही, कार्टूनचं नाव पाठवा आणि बघायला सांगा, सात मिनिटांचं पण नाहीये.