खोली रिकामी नव्हती हो, आमची पोरं होती तिथं

शाळेत जागा कमी पडली की पहिली नजर कुठं जाते सांगू? संगणक कक्षावर नाही, जिथले अर्धे कॉम्प्युटर कव्हर घालून झोपलेले असतात. ट्रॉफ्यांच्या खोलीवर नाही. नजर जाते ती दिव्यांग पोरांच्या खोलीवर. घरात पाहुणे वाढले की म्हाताऱ्याची खाट आधी व्हरांड्यात जाते ना, तसंच.

आमच्याकडं हेच झालं. माझा मुलगा स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे, तिसरीत आहे. शाळेचं नाव लिहीत नाही, कारण पोरगा अजून तिथंच आहे आणि कुणाला राग आलाच तर तो त्याच्यावर निघेल. दक्षिण नागपूर, रिंग रोडच्या पलीकडं, एवढं पुरे.

तळमजल्यावर कोपऱ्यात आमचा संसाधन कक्ष होता. नाव भारी, खोली साधीच. भिंतीवर चित्रांचं वेळापत्रक: दप्तर, मग पाण्याची बाटली, मग मॅडम, मग गोल सतरंजी. खिडकीला गडद पडदा. एक मोठा रबरी चेंडू आणि छताच्या हुकाला टांगलेला झोका. झोका शाळेनं दिला नव्हता, आम्ही पालकांनी वर्गणी काढून आणला होता. माझा मुलगा मधल्या सुट्टीनंतर तिथं थोडा वेळ झुलायचा, शांत व्हायचा आणि आपल्या पायांनी परत वर्गात जायचा. त्या जरा वेळच्या झोक्यावर त्याचा अख्खा दिवस निभायचा.

जूनच्या शेवटी शाळा उघडली (विदर्भात उन्हामुळं उशिराच उघडते) आणि बघतो तर तिथं तिसरी ‘क’ बसलेली. वेळापत्रक खरवडून काढलेलं, भिंतीवर टेपचे चिकट चौकोन तेवढे राहिले. आमच्या पोरांना जिन्याखाली बसवलं. तिथं शालेय पोषण आहाराची तांदळाची पोती, मोडके बेंच, गेल्या गॅदरिंगचे फ्लेक्स आणि पाण्याची मोटर. मोटर सुरू झाली की माझा मुलगा दोन्ही कान दाबून धरतो आणि डोकं भिंतीवर आपटायला लागतो. मोटर कधी लावायची ते शिपायाच्या मर्जीवर. विशेष शिक्षिका बिचारी आठवड्यातून तीनच दिवस येते, बाकीचे दिवस दुसऱ्या शाळा. तिनं विनंती केली की मी असते तेवढा वेळ तरी मोटर लावू नका. उत्तर काय मिळालं? “मॅडम, पाणी तर साऱ्यांनाच लागते ना.”

मी हेडमॅडमकडं गेले. त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही समजूनच नाही घेऊन राहिल्या. ती खोली कागदावर रिकामीच होती. तिथं तुकडी नाही.”

तुकडी नाही! दहा-अकरा पोरं, एक शिक्षिका, रोजचा राबता, आणि खोली रिकामी! त्यातली गोम मला नंतर कळली. समावेशित शिक्षण म्हणून या पोरांची नावं आपापल्या वर्गाच्या हजेरीपटावर असतात. असायलाच पाहिजेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळं खोलीचा स्वतःचा पट शून्य. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला पदं मंजूर करताना, हवी असते पटसंख्या, तीही आधार जुळलेली. त्यावर शिक्षक ठरतात, तुकड्या ठरतात. ज्या खोलीला तुकडी नाही ती खोली हिशेबात नाही. म्हणजे आमची पोरं वर्गात बसवली म्हणून सरकारला दाखवायची आणि खोली काढून घेताना ती नव्हतीच असं म्हणायचं. वा रे हुशारी!

बरं, पोरं वाढली कशी? काही आभाळातून पडली नाहीत. शेजारची एक शाळा पट घसरला म्हणून बंद झाली आणि तिथली पोरं इकडं ‘समायोजित’ केली. शब्द कसा गोड आहे बघा. पोरं आली, खोल्या नाही आल्या. त्यात आमचा भाग. हुडकेश्वर-नरसाळा २०१३ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आलं. तेव्हापासून प्लॉट पडले, फ्लॅट स्कीमा उठल्या, लॉन झाली, बार झाले, तीन-तीन मजली कोचिंग क्लास झाले. शाळेची इमारत होती तेवढीच. आमच्या लेआउटच्या नकाशात पीयू लँड, म्हणजे सार्वजनिक उपयोगाची जागा, म्हणून सोडलेल्या तुकड्यावर आज लग्नसराईत डीजे वाजते आणि बाकी वर्षभर गिट्टी पडून असते.

हद्दीचं तर विचारूच नका. रस्त्याच्या या बाजूला महापालिका, पुढं गेलं की बेसा-पिपळ्याची नगरपंचायत. माझ्या ओळखीतली एक ताई तिकडं राहते, मुलगी इकडच्या शाळेत. मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. मदतनीस भत्त्याचं विचारायला गेली तर शिक्षण खात्याचे शहराकडचे म्हणाले तुमचं घर ग्रामीणमध्ये, तिकडच्या ऑफिसात, गट साधन केंद्रात जा. तिथले म्हणाले शाळा शहरात, शहर साधन केंद्रात जा. पोरीला कडेवर घेऊन, ऑटोचे पैसे भरत, ती बाई दोन कार्यालयांच्या मध्ये फिरून राहिली. एकाही माणसाला फोन उचलून दुसऱ्या टेबलाला विचारावंसं वाटलं नाही.

आणि याच शहरात निवडणुकीच्या रेषांसाठी केवढा आटापिटा चालतो! २०१७ मध्ये ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक. मग तीन सदस्यांचे प्रभाग करायचं ठरलं, मग परत चारवर आले. प्रारूप नकाशे, हरकती, सूचना, सुनावण्या. एक गल्ली इकडची तिकडं गेली तर पुढारी कोर्टापर्यंत जातात. साठ-साठ पोरं एका वर्गात कोंबली, वरून अकरा पोरं जिन्याखाली टाकली, त्यावर हरकत कुठं नोंदवायची? नकाशा कुठं लावला होता? आम्हाला तर साधी चिठ्ठीही आली नाही. मुलाच्या डायरीत ‘उद्या रंगपेटी आणणे’ लिहून पाठवतात, हे लिहायला शाई संपली होती काय?

अंतराचाही असाच खेळ. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेनं आरटीईचे (शिक्षणहक्क कायद्याचे) २५ टक्के प्रवेश द्यायची गरज नाही. त्या २५ टक्क्यांच्या वंचित गटात दिव्यांग मुलंही येतात बरं का. म्हणजे ती सगळी पोरंही आमच्यासारख्या गच्च भरलेल्या शाळांकडं वळली असती. जुलै २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला म्हणून वाचलो. मंत्रालयात बसून कंपासनं वर्तुळ काढणाऱ्या माणसानं त्या वर्तुळातल्या शाळेत बेंच किती आहेत ते कधी मोजलं असेल?

कायदे म्हणाल तर ढीगभर. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६चा. त्यात शाळेनं सर्वसमावेशक शिक्षण द्यावं, इमारतीत सहज वावरता यावं, मुलाच्या गरजेनुसार सोय करावी, सगळं लिहिलंय. सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये सांगितलं की पाचवीपर्यंत दहा दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक, पुढं पंधरांमागं एक. मार्च २०२५ मध्ये परत राज्यांना बजावलं की पदं जाहीर करा आणि भरा. डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग काढणारं देशातलं पहिलं राज्य म्हणून आपण पाठही थोपटून घेतली. इतकं सगळं झाल्यावर नागपुरातल्या एका पोराला मोटरीपासून लांब बसवता येत नाही!

रॅम्पचं सांगते. आमच्या शाळेत रॅम्प आहे. दरवर्षी युडायसच्या, म्हणजे शाळेची माहिती सरकारला कळवायच्या, फॉर्ममध्ये ‘रॅम्प आहे का’ या रकान्यात ‘होय’ भरता येतं. प्रत्यक्षात त्याच्यावर सरांच्या गाड्या उभ्या असतात, कारण सावली तिथंच पडते. व्हीलचेअरवाल्या मुलाला त्याचे बाबा रोज उचलून नेतात. पोरगा आता मोठा झाला, बाबांची कंबर गेली.

आता त्या पालकांकडं वळते, ज्यांनी व्हॉट्सॲपवर लिहिलं की ‘आठ-दहा मुलांसाठी बाकीच्यांचं नुकसान कशाला’. दादा, तुमच्या मुलाच्या वर्गात श्वास घ्यायला जागा नाही ती माझ्या मुलामुळं नाही. शिक्षणहक्क कायदा म्हणतो पाचवीपर्यंत एका शिक्षकामागं तीस, मोठ्या शाळेत फार तर चाळीस. तुमच्याकडं साठ आहेत. आमची खोली घेऊनसुद्धा साठच आहेत! वरच्या मजल्याचं बांधकाम का अडलं ते विचारा ना संस्थेला. नवीन शाळेसाठी जागा मागा. तिथं तोंड उघडत नाही आणि ज्या पोराला स्वतःचं पोट दुखतं हेही सांगता येत नाही त्याच्याशी जागेसाठी भांडता. लाज वाटली पाहिजे थोडी.

काही जण शहाणपणानं सुचवतात, “ताई, स्पेशल शाळेत काहून नाही टाकत?” टाकीन की, मला वाटलं तर टाकीन. शेजारची शाळा की विशेष शाळा, हे निवडायचा हक्क दिव्यांग कायद्यानं सहा ते अठरा वयाच्या मुलाला दिलाय. तो माझ्या मुलाचा हक्क आहे, तुमच्या अडचणीचा तोडगा नाही. दोन वर्षांत तो इथं तीन मित्रांची नावं घ्यायला शिकला. हे तुम्हाला क्षुल्लक वाटेल. आमच्या घरी त्या दिवशी शिरा केला होता.

माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. विचारलंय की युडायसमध्ये एकूण खोल्या किती दाखवल्या, आमची खोली कशासाठी वापरात दाखवली आणि ती बदलायचा निर्णय कुणाच्या सहीनं झाला. सही सापडली तर सही करणाऱ्याला मोटर चालू असताना त्या जिन्याखाली मांडी घालून पंधरा मिनिटं बसवायचं माझ्या मनात आहे, पण तशी तरतूद कायद्यात नाही.

शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे. समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, निदान कागदावर. मी जाणार आहे आणि बेसा-पिपळ्याकडच्या त्या ताईलाही घेऊन जाणार आहे. ‘तुकडी नाही म्हणून रिकामी’ हाच नियम असेल तर स्टाफरूममध्ये कोणती तुकडी बसते ते मला पटावर दाखवा. नसेल दाखवता येत, तर सोमवारपासून आमची पोरं तिथं बसतील.