सेझिनकोट: ‘नकली घुमट’ म्हणणाऱ्या वाचकास उत्तर

नमस्कार,

इंग्लंडमधल्या सेझिनकोट या भारतीय धाटणीच्या घरावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘ईस्ट इंडिया कंपनीच्या लुटीतून बांधलेला बंगला, वर आपल्या घुमटाची नक्कल, आत मात्र अस्सल इंग्रजी दिवाणखाने. सरकारने संरक्षण दिलंय म्हणून मराठी माणसानेही कौतुक करायचं का?’ उत्तराला दोन दिवस लागले, कारण पैशाबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे आणि ते माझ्या लेखात यायला हवं होतं.

कर्नल जॉन कॉकरेलने ग्लॉस्टरशायरमधली ही जागीर 1795 मध्ये विकत घेतली. तीन वर्षांत तो वारला आणि ती चार्ल्स या भावाकडे आली. चार्ल्सची कमाई कंपनीच्या नोकरीतली, बंगालमधली. घराचा आराखडा तिसऱ्या भावाने, सॅम्युअल पीप्स कॉकरेलने केला, तोही कंपनीचा सर्व्हेअर. जवळच डेल्सफर्डला वॉरन हेस्टिंग्जचं, म्हणजे कंपनीच्या बंगालमधल्या गव्हर्नर जनरलचं, घर आहे, त्याचाही वास्तुकार हाच. हे सगळं मी ‘हिंदुस्थानात राहून आलेल्यांची हौस’ अशा एका वाक्यात उरकलं होतं. ते चुकलं.

पण ‘नक्कल’ हा शब्द मला पटत नाही. नक्कल कशाची? भारतातल्या कुठल्या एका इमारतीवरून हे घर उतरवलेलं नाही. 1805 च्या सुमारास सॅम्युअलने हे घर रचलं तेव्हा त्याने भारत पाहिलेलाही नव्हता. त्याच्यासमोर होती भारतभर फिरून आलेल्या इंग्रज चित्रकार थॉमस डॅनियलची चित्रं आणि डॅनियलचा सल्ला. त्यातून त्याने तांब्याचा कांद्याच्या आकाराचा घुमट उचलला, चार कोपऱ्यांवर छत्र्या (खांबांवरचे छोटे घुमट) ठेवल्या, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी काढल्या आणि भिंतीभोवती खोल छज्जा फिरवला.

त्या छज्ज्याशी मी बराच वेळ रेंगाळलो. आपल्याकडे छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो, पावसाच्या सरी भिंतीपासून लांब टाकतो. तिथे हिवाळ्यात सूर्य इतका खाली असतो की ऊन छज्ज्याखालून सरळ काचेवर येतं. ज्या कामासाठी छज्जा जन्माला आला, त्यातलं निम्मं काम तिथे नाहीच. तरी पिवळसर दगडावर त्याची सावली पडते तेव्हा सपाट भिंतीला खोली येते. वस्तू एका हवेतून दुसऱ्या हवेत गेली की तिचं काय होतं, हे पाहण्यासाठी मी तिथे गेलो होतो.

आत इंग्रजी दिवाणखाने आहेत, हे बरोबर. ग्रीक-रोमन वळणाची सजावट, त्या काळच्या कुठल्याही श्रीमंत इंग्रजाच्या घरी शोभेल अशी. भारत बाहेरच्या भिंतीवर थांबतो. तुम्हाला त्यात खोटेपणा दिसतो. मला त्यात चार्ल्सने भारताशी किती अंतर राखलं होतं ते दिसतं, आणि ते इतकं उघड दुसऱ्या कुठल्या कागदात सापडेल असं वाटत नाही.

आता मराठी माणसाचा संबंध. बागेत ओढ्यावर एक पूल आहे, त्याच्या कठड्यावर नंदी बसलेले. पुलाखाली पाण्यातून दगडांवर पाय टाकत जाता येतं. तिथे मान वर केली की जाडजूड खांब अगदी अंगाशी येतात. ते घारापुरीच्या लेण्यांवरून बेतलेले मानले जातात आणि तिथे उभं राहिल्यावर मला ते मनापासून पटलं. डॅनियल 1793 मध्ये मुंबईकडे आला होता, घारापुरीला गेला होता. तिथेच त्याची गाठ जेम्स वेल्सशी पडली. पुण्यात राहून सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं रंगवणारा तो हाच वेल्स. वेल्स 1795 मध्ये गेला. त्याच्या वेरूळच्या रेखाटनांवरून डॅनियलने 1803 मध्ये छापील चित्रं काढली. पेशव्यांच्या दरबारात कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट याने 1790 मध्ये केलेल्या तहाचं मोठं चित्रही डॅनियलने 1805 मध्ये वेल्सच्याच रेखाटनांवरून पुरं केलं. म्हणजे सेझिनकोटचे नंदी आणि पुण्याचा दरबार एकाच माणसाच्या टेबलावर, एकाच सुमारास होते! पुढे नंदी हलवायचं घाटत होतं तेव्हा विश्वकर्मा असता तर त्यानेही नंदी तिथेच राहू द्या म्हटलं असतं, अशा अर्थाचं डॅनियलने पत्रात लिहिलं.

संरक्षणाबद्दल थोडं. इंग्लंडच्या सरकारी वारसा-यादीत हे घर पहिल्या श्रेणीत आहे. इंग्लंडमधल्या नोंदलेल्या इमारतींपैकी जेमतेम अडीच टक्के या श्रेणीत येतात. त्याचा अर्थ मालकाचा गौरव असा नाही. परवानगीशिवाय घराचं रूप बदलता येत नाही, छज्जा काढता येत नाही, घुमट उतरवता येत नाही, एवढाच. तुम्ही ज्याला लूट म्हणता तिचा हा दगडी पुरावा आहे, आणि तो जसाच्या तसा राहावा अशी इच्छा तुमचीही असायला हरकत नाही. हे घर पाडलं तर कॉकरेल बंधूंची कमाई फक्त हिशेबाच्या वह्यांत उरेल.

‘हौस’ असलेलं वाक्य आज लेखातून काढतोय. पैसा कुठून आला ते वरच्या परिच्छेदात घेतोय, खाली दुरुस्तीची तारीखही देईन. डेल्सफर्डवर लिहायचं मनात आहेच. तो लेख हेस्टिंग्जच्या कमाईपासून सुरू करेन, घर नंतर.