"पब्लिक जमली की डेव्हलपर आपोआप येतात" म्हणे

गेल्या आठवड्यापासून तो मेसेज तीन वेगवेगळ्या ग्रुपवर येऊन पडलाय. कुठलंतरी नवीन "जनतेचं कॉइन", म्हणजे क्रिप्टो, इंटरनेटवरचं चलन, कंपनी नाही, मालक नाही, आणि ते मोठं कसं होणार याचं गणित असं की आधी फुकट वाटा, पब्लिक जमते, भाव वाढला की डेव्हलपर आपोआप येतात, मालकच नाही तर भांडण कसलं, आणि उद्या चहाच्या टपरीवर पण हेच चालणार. पुरावा म्हणून खाली डोजकॉइन नावाच्या जुन्या कॉइनचा कुत्रा. मी पाठवणाऱ्याला म्हटलं, कोड कुठे आहे त्याची लिंक दे. त्याने रेफरल लिंक पाठवली, म्हणजे मी जॉइन झालो की फायदा त्याला. मग म्हटलं बसून लिहूच.

"फुकट वाटलं की लोक येतात"

येतात ना, घ्यायला येतात. आइसलँडमध्ये 2014 साली हा प्रयोग अख्ख्या देशावर करून झालाय. ऑरोराकॉइन नाव, निम्मी कॉइन्स आधीच बनवून ठेवलेली, आणि 25 मार्चपासून मागेल त्या प्रत्येक आइसलँडिक माणसाला 31.8 कॉइन्स. वाटपाआधी भाव आभाळात, वाटप सुरू झालं तशी लोकं विकत सुटली आणि भाव धाडकन खाली. हळदीकुंकवाचं वाण मिळालं म्हणून कोणी त्या घरात राहायला जात नाही.

"डोजकॉइन बघा, नुसत्या मजेवर मोठं झालं"

हे अर्धं खरं आहे, म्हणून जरा नीट बघू. डिसेंबर 2013 मध्ये बिली मार्कस आणि जॅक्सन पामर यांनी चेष्टा म्हणून काढलेलं कॉइन, आणि पुढच्याच महिन्यात त्या पब्लिकने जमैकाच्या बॉबस्लेड टीमला सोची ऑलिंपिकला पाठवायला 25 हजार डॉलरच्या वर जमवले, मग जोश वाइज या ड्रायव्हरच्या नॅसकार शर्यतीच्या गाडीसाठी सुमारे 55 हजार. रेडिटवर कोणी काही भारी लिहिलं की बॉटला (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला) सांगून त्याला चिल्लर डोज द्यायचे, नवीन माणसाच्या हातात पहिलं कॉइन पडायचं ते असं. मजा होतीच, मान्य.

पण त्याच 2014 मध्ये माइनिंगचं, म्हणजे आपले कॉम्प्युटर लावून नेटवर्क चालवण्याचं, बक्षीस दर दोन-सव्वादोन महिन्यांनी निम्मं होत होतं, ते करणारे माइनर निघून चालले होते, आणि नेटवर्कची ताकद इतकी घसरली की कोणीही चढाई केली असती. तेव्हा कुत्र्याचं मीम कामाला आलं नाही. लाइटकॉइन हे दुसरं कॉइन काढणाऱ्या चार्ली लीने सुचवलं होतं की दोन्हीचं माइनिंग एकत्र होऊ द्या, मोजक्या डेव्हलपरांनी तसा कोड बदलला, सप्टेंबर 2014 पासून लाइटकॉइनच्या माइनरांना डोज पण सोबत मिळायला लागलं आणि गाडं रुळावर आलं. पामर 2015 मध्ये सोडून गेला. मार्कसने त्याच वर्षी आपलं सगळं विकलं, सेकंडहँड होंडा सिव्हिक येईल एवढे पैसे आले. तो टिपवाला बॉट 2017 मध्ये दिवाळखोर झाला, त्यात लोकांनी ठेवलेली कॉइन्स पण गेली. भाव 70 सेंटच्या वर गेला तो थेट मे 2021 मध्ये, मधली सगळी वर्षं मूठभर लोक फावल्या वेळात सॉफ्टवेअर चालू ठेवत होते. मेसेजमध्ये फक्त 2021 आहे.

"डेव्हलपर आपोआप येतात"

इथे माझी सटकते. दोनेक वर्षांपूर्वी एका छोट्या कॉइनच्या वॉलेटमध्ये, म्हणजे कॉइन्स ठेवायच्या-पाठवायच्या अ‍ॅपमध्ये, मला बग सापडला, फोनची भाषा मराठी केली की आकडे देवनागरीत यायचे आणि रकमेचा रकाना लाल होऊन बसायचा, पैसे पाठवताच येईनात. अकरा ओळींचा फिक्स होता, पीआर टाकला, म्हणजे हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती. चार महिने कोणी बघितलं नाही. त्यांच्या टेलिग्रामवर हजारो मेंबर, तिथे विचारलं तर एकाने रॉकेटचा स्टिकर टाकला. मी गेलो परत? नाही. कोड वाचून "हे बदल, ते ठेव" म्हणणारा माणूस लागतो, आणि त्या माणसाचं घर चालावं लागतं.

मोनेरो नावाच्या कॉइनवाल्यांनी हे ओळखलं. प्रीमाइन नाही (आधीच बनवून ठेवलेली कॉइन्स), आयसीओ नाही (सुरुवातीलाच कॉइन्स विकून पैसे जमवणं), म्हणजे तिजोरी रिकामीच. मग पद्धत अशी बसवली की ज्याला काम करायचंय त्याने जाहीर प्रस्ताव टाकायचा, इतके महिने, इतके तास, अमुक काम, एवढे मोनेरो. त्यावर सगळ्यांसमोर चिरफाड, रेटवरून घासाघीस, पटलं तर वर्गणी उघडते आणि पैसे हातात पडतात ते टप्पा पूर्ण करून दाखवल्यावर. फेब्रुवारी 2024 मध्ये बायनान्स ह्या मोठ्या क्रिप्टो बाजाराने मोनेरोची खरेदी-विक्री बंद केली, भाव आपटला, पण वर्गणीवरची कामं चालूच राहिली.

"मालक नाही तर भांडण कसलं"

मालक नसला तरी चावी कोणाकडे तरी असतेच. ह्याच मोनेरोच्या वर्गणीचं वॉलेट सप्टेंबर 2023 मध्ये कोणीतरी साफ केलं, 2,675 च्या वर मोनेरो गेले, आणि त्याची चावी फक्त दोन माणसांकडे होती. लोकांना कळलं नोव्हेंबरमध्ये. आणि भांडण बघायचं तर बिटकॉइन कॅश ह्या कॉइनचं घ्या, माइनिंगच्या बक्षिसातले 8 टक्के डेव्हलपमेंटसाठी कापायचे की नाही यावरून नोव्हेंबर 2020 मध्ये सरळ दोन तुकडे झाले.

"टपरीवर चालणार"

भारतात 1 एप्रिल 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर, तोटा दुसऱ्या कशातून वजा होत नाही, आणि त्याच वर्षी 1 जुलैपासून ठरावीक मर्यादेपुढे 1 टक्का टीडीएस. कॉइन देऊन चहा प्यायलात तरी तो व्यवहारच, त्यातला नफा मोजत बसा. इकडे टपरीवाल्याचा स्पीकर "दहा रुपये प्राप्त हुए" म्हणून ओरडून मोकळा. डोजच्या टिपा चालल्या कारण इंटरनेटवरच्या अनोळखी माणसाला चार पैसे द्यायची दुसरी सोपी सोय नव्हती. ह्या नवीन कॉइनने कोणाचं काय अडलेलं सुटणार ते मी मेसेजमध्ये दोनदा शोधलं. नाहीये.