अक्षतांआधीचा रिपोर्ट

गेल्या महिन्यात दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा, तासगावहून फोन आला. भाचीचे लग्न ठरत आले आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे, पत्रिका जुळली आहे, आणि आता त्यांची एकच अट उरली आहे: मुलाचा एचआयव्हीचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय सुपारी फोडायची नाही. ते एवढ्यावर थांबले असते तर मी गप्प बसलो असतो, कारण मुलीच्या बापाची काळजी मला समजते. पण पुढे त्यांचे म्हणणे असे होते की सरकारने याचा कायदाच करावा आणि रिपोर्ट जोडल्याशिवाय विवाहनोंदणी होऊच देऊ नये. “तुमच्या अमेरिकेत असेलच की असा नियम, तिथे शिस्त आहे,” हे त्यांचे शेवटचे वाक्य मला लागले आणि ते अजून डोक्यातून गेलेले नाही.

कारण मी ज्या राज्यात पंचवीस वर्षे राहतो, त्या इलिनॉयने नेमका हाच नियम करून पाहिला आहे. १ जानेवारी १९८८ पासून इथे लग्नाचे लायसन्स मागणाऱ्या प्रत्येक जोडप्याला एचआयव्हीची चाचणी सक्तीची झाली. पहिल्या सहा महिन्यांत ७०,८४६ अर्जदारांची तपासणी झाली आणि त्यांत बाधित निघाले ८ जण. जोडप्यांच्या खिशातून त्यासाठी सुमारे २५ लाख डॉलर गेले. लायसन्सची संख्या २२ टक्क्यांहून अधिक घटली, कारण माणसे गाडी काढून शेजारच्या राज्यांत जाऊन लग्न करू लागली. लायसन्स देणाऱ्या काउंटी क्लार्कच्या कचेरीतली वर्दळ घटली आणि ज्यांना खरोखर धोका होता ते दवाखान्याकडे फिरकलेच नाहीत, कारण त्यांतल्या समलिंगी जोडप्यांना लग्नाचे लायसन्स मिळत नव्हते आणि इतर अनेकांना ते नकोच होते. १९८९ मध्ये विधिमंडळाने तो नियम मागे घेतला. हे सगळे मी दाजींना सांगितले, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “मग त्या आठ जणांच्या बायका वाचल्या ना?”

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. आपल्याकडे लागण झालेल्या असंख्य विवाहित स्त्रियांना ती नवऱ्याकडून झाली आहे, आणि त्या प्रत्येकीचा बाप दाजींच्या जागी कधीतरी उभा होता. लग्नाआधी दोघांनी मिळून, आपणहून, समुपदेशकाशी बोलून तपासणी करून घ्यावी, असे मलाही वाटते. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, ती मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवला जातो. माझे भांडण सक्तीशी आहे, आणि त्याहून अधिक त्या कागदावरच्या विश्वासाशी. लागण नुकतीच झाली असेल तर काही आठवडे चाचणीत काहीच दिसत नाही. आणि निकाल निर्दोष आला तरी तो रक्त काढले त्या दिवसापुरता असतो. पुढच्या तीस वर्षांच्या संसाराची हमी त्यात नसते, तरीही घरातले सगळे ती हमी असल्यासारखे निर्धास्त होतात. उलट निकाल बाधित आला, तर तो कागद एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून भावकीत आणि तिथून गावात जातो. त्या मुलाला किंवा मुलीला मग औषधाची गरज असते, पण तोवर गाव सोडावे लागलेले असते.

आपला कायदा या बाबतीत दाजींच्या कल्पनेपेक्षा शहाणा आहे. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात बाधित व्यक्तीचा विवाहाचा हक्क जणू स्थगित ठरवला होता, पण २००२ मध्ये त्याच न्यायालयाने ते मत त्या प्रकरणात अनावश्यक होते असे स्पष्ट केले. पुढे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स कायदा आला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माहितीपूर्ण संमतीशिवाय चाचणी करता येत नाही आणि एखाद्याची स्थिती उघड करता येत नाही, असे तो सांगतो. लग्नाच्या दारात उभे करून घेतलेल्या होकाराला संमती म्हणायचे का, हे दाजींनी स्वतःला विचारावे.

मला सर्वांत अधिक खटकते ते हे की ही मागणी सांगली जिल्ह्यातून येते. कायद्याच्या बडग्याशिवाय हा आजार कसा आटोक्यात येतो, हे जगाला शिकवणाऱ्या गावांत सांगली आहे. १९९२ मध्ये मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ या संस्थेने तिथे वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांबरोबर काम सुरू केले आणि काही वर्षांत त्या स्त्रियांनी ‘व्हॅम्प’, म्हणजे वेश्या अन्याय मुक्ती परिषद, ही स्वतःची संघटना उभी केली. निरोध वाटणाऱ्या त्याच, गिऱ्हाइकाला नकार द्यायला एकमेकींना बळ देणाऱ्या त्याच, आजारी मैत्रिणीला दवाखान्यात नेऊन तिथल्या तुच्छतेशी भांडणाऱ्याही त्याच. कोलकात्याच्या सोनागाछी या वेश्यावस्तीत डॉ. स्मरजित जाना यांनी त्याच वर्षी याच वाटेने काम सुरू केले होते. ज्यांना समाज रोगाचे मूळ म्हणत होता, त्यांच्याच हाती प्रतिबंधाचे काम दिले गेले आणि ते त्यांनी इतरांपेक्षा चांगले केले. भारतात २०१० ते २०२३ या काळात नव्या लागणी सुमारे ४४ टक्क्यांनी घटल्याचे सरकारी अंदाज सांगतात, त्यामागे या बायकांचे पाय झिजले आहेत. पंढरपूरची ‘पालवी’, बीडजवळची ‘इन्फंट इंडिया’, हासेगावचे ‘सेवालय’ या संस्थांनी तर घरांनी नाकारलेली बाधित मुले वाढवली. त्यांतली काही आज संसाराला लागली आहेत. दाजींच्या नियमात या मुलांच्या अक्षतांना जागा कुठे आहे?

आणि विज्ञानही आता तिथे राहिलेले नाही, जिथे आपली भीती अडकली आहे. रोज एक गोळी नियमाने घेऊन विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडणार नाही इतके खाली आले, तर त्या व्यक्तीकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका अभ्यासात अशा ८८८ जोडप्यांचे निरोधाविना सुमारे ५८ हजार संबंध नोंदले गेले आणि जोडीदाराकडून लागण झाल्याचे एकही प्रकरण सापडले नाही. या गोळ्यांसाठी इथे लोक विमा कंपनीशी महिनोन्महिने झगडतात. आपल्याकडे सरकारी एआरटी केंद्रांत, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रांत, ती २००४ पासून मोफत आहेत. याचा अभिमान कोणी फोनवर सांगत नाही.

“तुला तिकडे बसून बोलायला काय जाते,” असे दाजी म्हणाले. मी लगेच माझ्या बाजूची यादी वाचली: इथल्या बाधित माणसांनी १९८७ मध्ये एकमेकांच्या आधारासाठी उभे केलेले ‘टेस्ट पॉझिटिव्ह अवेअर नेटवर्क’, त्यांना मी दरवर्षी देतो ती देणगी, आणि माझा एक सहकारी जो आपल्या गोळ्यांविषयी चारचौघांत सहज बोलतो. फोन ठेवल्यावर मात्र त्या यादीतून मी काय वगळले ते मला आठवत राहिले. ज्या १९८९ मध्ये इलिनॉयने लग्नाचा नियम रद्द केला, त्याच वर्षी याच राज्याने एचआयव्ही संक्रमणाला गुन्हा ठरवणारा कायदा केला आणि तो २०२१ पर्यंत टिकला. इथली आरोग्ययंत्रणा २००६ पासून सांगते आहे की १३ ते ६४ वयाच्या प्रत्येकाने एकदा तरी तपासणी करावी, पण आमच्या मराठी मंडळाच्या आरोग्य शिबिरात साखर, रक्तदाब आणि हाडांची घनता यांपलीकडे काही तपासले जात नाही. मी तीन वर्षे त्या समितीवर होतो. मीही कधी सुचवले नाही.

आणि रिपोर्ट तर मीही दाखवला आहे. बाधित परदेशी माणसाला या देशाने १९८७ पासून २०१० च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे तब्बल २२ वर्षे, दार बंद ठेवले होते. २००३ मध्ये ग्रीन कार्डाच्या वैद्यकीय तपासणीत डॉक्टरांनी माझे रक्त काढले, मी सही केली, निकाल निर्दोष आला आणि संध्याकाळी आम्ही शिकागोच्या डेव्हन अॅव्हेन्यूवर जेवायला गेलो. ज्याचा निकाल तसा आला नसेल त्याचे काय झाले असेल, हा विचार त्या दिवशी माझ्या मनाला शिवला नाही. आत यायचे होते म्हणून मी तो कागद निमूटपणे पुढे केला.

तो विचार शिवायला हवा होता, कारण आदल्याच वर्षी माझा थोरला चुलतभाऊ गेला होता. घरच्यांनी मला काविळ सांगितली. मला खरे कळले होते, आणि कागदपत्रे अडकतील या सबबीखाली मी गेलो नाही. वहिनींना पंधरवड्यात माहेरी पाठवले गेले. सतरा वर्षे मी त्यांची चौकशीही केली नाही. २०१९ मध्ये सांगलीत भेटलो, तेव्हा त्या एआरटी केंद्रात नव्याने येणाऱ्या बायकांच्या सोबतीला बसत होत्या. पहिल्या दिवशी गोळ्यांची बाटली हातात घेऊन रडणाऱ्या बाईला काय सांगायचे हे डॉक्टरांपेक्षा त्यांना चांगले माहीत आहे, असे तिथला समुपदेशकच म्हणाला.

दाजींशी वाद झाल्यावर मी वहिनींना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “भाऊजी, आमचे लग्न ९३ सालचे. त्यानंतर दोन वर्षे यांनी गावच्या शिबिरात रक्त दिले, रक्तपेढीने काही कळवले नाही. तेव्हा रिपोर्ट मागितला असता तर बहुधा चांगलाच आला असता.” मग त्या म्हणाल्या की भाची आणि मुलगा दोघे आपणहून यायला तयार असतील तर त्या स्वतः त्यांना केंद्रात घेऊन जातील, आत काय विचारतात ते आधी समजावून सांगतील, आणि बाहेर कोणाला कळणार नाही.

फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारले, “लग्नाला तुम्ही येणार ना? मग दाजींना एवढे विचारा, अक्षता टाकायला मला बोलावतील का.”

याला अकरा दिवस झाले. दाजींना मी अजून फोन केलेला नाही.