आधी आटे बघा, टेप नंतर काढा

उन्हाळा लागला की विदर्भातल्या जुन्या जीप-अ‍ॅम्बेसेडरवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इंजिनात पाण्याच्या वाटेवर जिथं जिथं आटे असतील तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळा, वेढे जितके जास्त तितकं चांगलं. आपल्याकडच्या ४६-४७ अंशांत टेप वितळते, म्हणून वरून लाल लॉकटाइट, म्हणजे आटे चिकटवून धरणारं पातळ रसायन, सोडा. टेम्परेचरच्या सेन्सरलाही तेच करा. तरीही पाझरलं तर रेडिएटरमध्ये हळद टाका.

राजेहो, एकेक घेऊ.

‘सगळीकडे टेप’ इथंच गाडी घसरते. आटे दोन जातींचे असतात. निमुळते आटे पुढं बारीक होत जातात, १६ ला १ या उतारानं. घट्ट करताना ते एकमेकांत रुततात, तरी आट्याचं टोक आणि समोरची खाच यांच्यात मळसूत्री फट उरतेच आणि पाणी तिच्यातून गोल फिरत बाहेर येतं. टेप किंवा पेस्ट लावायची ती एवढी फट बुजवायला. सरळ आटे मात्र शेवटपर्यंत एकाच जाडीचे. तिथं पाणी अडवतो तो डोक्याखालचा तांब्याचा किंवा फायबरचा वायसर. तो चेपला असेल, तर आट्यांवर कितीही टेप चढवा, गळायचं ते गळणारच. वायसर बदला, तो बसतो ती जागा घासून साफ करा, काम झालं.

सरळ आट्यांना एक अपवाद आहे. काही इंजिनांत हेडचे बोल्ट किंवा स्टड थेट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीत, उतरतात. त्यांच्या आट्यांवर सीलंट लागतंच, पण पेस्टच्या रूपात. टेप नको.

आता वेढ्यांचं. निमुळत्या आट्यांवर दोन-तीन वेढे पुरतात, तेही फिटिंग ज्या दिशेनं आवळायचं त्याच दिशेनं, आणि पुढचा एक आटा मोकळा सोडून. तो मोकळा सोडला नाही तर टेपची चिंधी तुटून आत जाते आणि थर्मोस्टॅटमध्ये नाहीतर रेडिएटरच्या बारीक नळीत अडकते. जाड थराचा दुसरा तोटा मोठा आहे. टेप गुळगुळीत, त्यामुळे हाताला अंदाज येत नाही आणि पान्हा फिरतच राहतो. निमुळता प्लग म्हणजे लाकडात ठोकलेली पाचर. ब्लॉक बीडाचा, तो ताणला जात नाही, सरळ तडकतो.

आणि मुख्य म्हणजे जाड टेप चुकीचं फिटिंग झाकते. ही गोष्ट मेसेजमध्ये कुठंच नाही आणि आपल्याकडे खरा घोळ इथंच होतो. महिंद्राची जुनी जीप मूळ विलीजची, म्हणजे अमेरिकन. तिच्या पाण्याच्या फिटिंगांना एनपीटी, म्हणजे अमेरिकन मापाचे निमुळते आटे, आट्याच्या खाचेचा कोन ६० अंश. तालुक्याच्या गावात पितळी निप्पल, म्हणजे आटे पाडलेला नळीचा छोटा तुकडा, घ्यायला जायचं कुठं, तर मोटारपंपाच्या सामानाच्या दुकानात. तिथं मिळतं ते सगळं बीएसपी, म्हणजे ब्रिटिश मापाचं, ५५ अंश कोनाचं. पाऊण आणि अर्धा इंची मापात दोन्हींचे इंचाला १४ आटे, त्यामुळे निप्पल बिनबोभाट आत जातं आणि बसल्यासारखंही वाटतं. पाव इंचीत एनपीटीचे १८ आणि बीएसपीचे १९, म्हणून ते थोडं फिरून अडतं. मग कोणीतरी जोर लावतं आणि ब्लॉकमधले आटे जातात. अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं जुनं इंजिन ब्रिटिश घराण्याचं, तिथं बीएसपी भेटू शकतं. म्हणून दुकानात जाताना जुनं फिटिंग खिशात न्या, आणि आट्यांचा गेज मिळाला तर तो लावूनच घ्या.

टेप वितळते? टेफ्लॉन वितळायला सुमारे ३२७ अंश लागतात. इंजिनातलं पाणी शंभराच्या आसपास. चंद्रपूरचा मे महिना त्यापुढं काहीच नाही.

लाल लॉकटाइट तर भलत्याच कामाचं आहे. ते नट-बोल्ट कायमचे धरून ठेवायला असतं, सोडवायला जोड २५० अंशांच्या आसपास तापवावा लागतो. पितळी ड्रेन कॉक त्यानं बसवलात तर पुढच्या वेळी कॉकचं डोकं हातात येईल आणि शेपूट ब्लॉकमध्ये राहील. शिवाय हे रसायन हवा बंद झाल्यावर आणि धातूचा स्पर्श मिळाल्यावर धरतं. खाली टेप असेल तर धातू कुठून लागणार? पाइपच्या आट्यांसाठी ५६७ किंवा ५७७ अशा नंबरांची पेस्ट वेगळी येते. आटे थिनरनं पुसून ती लावावी. जुने मिस्त्री सफेदा आणि सूत लावायचे, निमुळत्या आट्यांवर तेही चालतं. गॅस्केटचं सिलिकॉन मात्र आट्यांत भरू नका. आत दाबून शिरलेला गोळा सुटला की रेडिएटरकडे निघतो.

सेन्सर एका वायरचा असेल तर त्याची अर्थिंग आट्यांमधूनच ब्लॉकला मिळते. टेपचे थर चढवले की काटा कमी दाखवू शकतो किंवा हलतच नाही, आणि इंजिन तापलेलं तुम्हाला कळतच नाही. पातळ पेस्टमध्ये आटे एकमेकांना टेकतात, तिथं सहसा अडचण येत नाही. बारीक नळी थेट गेजपर्यंत जाते त्या जुन्या प्रकारात विजेचा प्रश्नच नाही.

राहिली हळद. दर्यापूरच्या अलीकडे रात्री गाडी अडकली आणि घर गाठायचं आहे, तर टाका, कोण अडवतो. पण भोक कुठलं आणि रेडिएटरची नळी कुठली, हे हळदीला कळत नाही. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी ओतून ओतून त्या नळ्या आधीच क्षारांनी अरुंद झालेल्या असतात. फिटिंगपाशी पांढरी खपली दिसते ती त्याच पाण्याची. गळती नेमकी कुठून आहे हे तीच दाखवते. घरी पोचल्यावर गाडी थंड करा, सगळं पाणी काढा, हळद धुऊन निघेपर्यंत फ्लश करा, आणि भरताना बोअरचं पाणी सोडून बॅटरीवॉटरमध्ये मिसळलेलं कूलंट भरा.